परिषदेला जाताना कोणता क्लिकर न्यावा? लॉजिटेकचे चार, परक्या लॅपटॉपवर

क्लिकर, म्हणजे स्लाइड्स दुरून पुढे-मागे करायचा रिमोट, विकत घेणारा माणूस तो घरी आपल्याच लॅपटॉपला लावून बघतो. तिथे महागातला महाग क्लिकर सगळ्यात भारी वाटतो, आणि तसा तो असतोही. परिषदेत मात्र लॅपटॉप आपला नसतो. आदल्या दिवशी किंवा सत्राच्या तासभर आधी प्रिव्ह्यू रूममध्ये पेन ड्राइव्हवरून फाइल द्यायची, तिथून ती सभागृहातल्या यंत्रावर जाते, आणि नाव पुकारल्यावर आपण पोडियमवर पोहोचतो तेव्हा पहिली स्लाइड लागलेली असते. त्या यंत्रावर काही इन्स्टॉल करायची मुभा नसते आणि वेळही नसतो. आधीच्या वक्त्याच्या टाळ्या आणि आपलं ‘नमस्कार’ यांच्यात फार तर अर्धा मिनिट मिळतं.

म्हणून या चारही क्लिकरना इथे एकच कसोटी लावली आहे : परक्या लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात क्लिकरचा रिसिव्हर (त्याचा सिग्नल पकडणारा तुकडा) लावला आणि लगेच बोलायला सुरुवात केली, तर त्यातलं काय चालतं? आर ४००, आर ५००, आर ८०० आणि स्पॉटलाइट हे ते चार. किमती ऑनलाइन रोज हलतात, पण एका स्पॉटलाइटच्या पैशात आर ४०० तीन-चार तरी येतात, एवढा फरक धरून चाला.

आर ४०० कुठल्याही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सापडतो. दोन ट्रिपल-ए सेल, बाजूला चालू-बंद करायचं बटण, लाल लेझर, आणि तळाच्या खाचेत बसणारा बोटभर रिसिव्हर. दिसायला काही खास नाही, पण परिषदेत तो का टिकून आहे हे त्याच्या आतल्या कामावरून कळतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा क्लिकर नसून कीबोर्ड आहे. पुढचं बटण ‘पेज डाउन’ पाठवतं, मागचं ‘पेज अप’. खालचं डावं बटण एकदा ‘एफ ५’ (शो सुरू) आणि पुढच्या वेळी ‘एस्केप’ (शो बंद) पाठवतं, उजवं बटण पूर्णविराम पाठवतं. बस, इतकंच. त्यामुळे पॉवरपॉइंट असो, फुल स्क्रीनवर लावलेली पीडीएफ असो किंवा ब्राउझरमधल्या गुगल स्लाइड्स, पुढे-मागे जाणं सगळीकडे चालतं. मॅकवरही पुढे-मागे चालतं, शो सुरू करायच्या बटणावर मात्र तिथे भरवसा ठेवू नये.

घोळ होतो तो याच खालच्या दोन बटणांमुळे. अंगठा घसरून डावं दाबलं गेलं की ‘एस्केप’ जातं, शो बंद पडतो आणि तीनशे लोकांसमोर तुमचा एडिट स्क्रीन उघडा पडतो : डावीकडे छोट्या स्लाइड्सची रांग, खाली नोट्स, त्यात ‘इथे विनोद’ असं लिहिलेलं. ब्राउझरमध्ये तर ‘एफ ५’ म्हणजे रिफ्रेश; सभागृहाचं वाय-फाय रडत असेल तर पान परत येईपर्यंत तुम्ही गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत उभे. उजवं बटण पडदा काळा करतं. पॉवरपॉइंटमध्ये ‘बी’ दाबल्यावर होतं तेच. लोकांनी पडद्याऐवजी आपल्याकडे बघावं म्हणून ही चांगली सोय आहे, पण मोठ्या सभागृहात दिवे आधीच मंद केलेले असतात आणि उजेड असतो तो पडद्याचाच. पडदा काळा केला की वक्ताही अंधारात जातो. उपाय साधा आहे : बोटाएवढी चिकटपट्टी घेऊन खालची दोन्ही बटणं झाकून टाका. शो सुरू करायला ऑपरेटर आहेच.

खोक्यावर आर ४०० चा पल्ला १५ मीटर लिहिलाय. तो मोकळ्या जागेतला. सभागृहात रिसिव्हर लॅपटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये, लॅपटॉप पोडियमच्या आतल्या फळीवर, पोडियमला कधी पत्र्याची चौकट, आणि मध्ये उभे तुम्ही. क्लिकर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात, आणि माणसाचं पाण्याने भरलेलं शरीर या लहरी छान शोषून घेतं. त्यात एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही : यूएसबी ३ चं पोर्ट चालू असताना नेमका याच पट्ट्यात गोंगाट करतं. शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असेल आणि त्याला चिकटून क्लिकरचा रिसिव्हर असेल, तर चार मीटरवरूनही क्लिक गळतात. मग वक्ता क्लिकरला शिव्या देतो आणि सेल बदलत बसतो. मीटरभर लांबीची साधी यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर पिशवीत ठेवा, रिसिव्हर तिच्या टोकाला लावून पोडियमच्या वरच्या कडेवर, तुम्हाला दिसेल असा ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

आर ५०० ला तीनच बटणं : वर लेझर, मध्ये मोठं ‘पुढे’, खाली ‘मागे’. एकच ट्रिपल-ए सेल, पल्ला २० मीटर, आणि रिसिव्हरबरोबर ब्लूटूथही. ब्लूटूथ ही स्वतःच्या लॅपटॉपसाठीची सोय आहे, विशेषतः ज्यांच्याकडे नुसती यूएसबी-सी पोर्टं आहेत त्यांच्यासाठी. पोडियमवरच्या यंत्राशी ब्लूटूथ जोडायच्या भानगडीत पडू नये. सेटिंग्ज उघडताना मागच्या भिंतीवर सगळं दिसतं आणि ऑपरेटरच्या कपाळावर आठी पडते. पडदा काळा करायची सोय लॅपटॉपवरच्या लॉजिटेकच्या ॲपमधून लावावी लागते, म्हणजे परक्या यंत्रावर ती नाहीच. मला, म्हणजे परिषदेच्या बाजूने बघणाऱ्याला, ही कमतरता नाही तर गुण वाटतो. चुकीचं दाबायला बटणच नाही. पहिल्यांदा पेपर वाचणाऱ्या पीजीच्या विद्यार्थ्याच्या घामेजल्या हातात द्यायला या चारांपैकी हाच सगळ्यात निर्धोक.

आर ८०० जुना आहे आणि प्रत्येक दुकानात दिसत नाही, पण मिळाला तर परिषदेसाठी पहिला नंबर याचा. कारण त्याचा टायमर क्लिकरच्या अंगावरच आहे, छोट्या पडद्यावर. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. पाच मिनिटं उरली, दोन उरली, आणि वेळ संपली अशा तीन वेळा तो हातात थरथरतो. आवाज नाही, कुणाला कळत नाही.

तो कसा लावायचा हे मात्र समजून घ्यावं लागतं. समजा तुमचा फ्री पेपर (छोटा शोधनिबंध) आठ मिनिटांचा आहे : सहा बोलायची, दोन प्रश्नांची. टायमर आठवर लावायचा नाही, सहावर लावायचा. सहावर लावला की पहिली थरथर बोलायला लागल्यावर मिनिटभरातच येते. ती निरुपयोगी, तिला दचकू नका. खरी कामाची ती दुसरी, चौथ्या मिनिटाची. त्या क्षणी पडद्यावर ‘निष्कर्ष’ नको, पण ‘निरीक्षणं’ तरी लागलेली हवीत. अजून ‘साहित्य आणि पद्धती’मध्येच अडकला असाल, तर पुढच्या दोन स्लाइड्स न वाचता ओलांडायच्या. हा हिशोब सराव करतानाच करून ठेवा : कुठल्या दोन स्लाइड्स बळी द्यायच्या ते आधी ठरलेलं असलं की मंचावर ठरवत बसावं लागत नाही. तिसऱ्या थरथरीला शेवटची स्लाइड. अध्यक्षांची घंटा वाजायच्या आधी थांबणारा वक्ता सगळ्यांच्या लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने. टायमर स्वतः सुरू करावा लागतो, आणि हेच लोक विसरतात. अध्यक्ष तुमचं नाव घेतात तेव्हाच, खुर्चीतून उठता उठता दाबा. चालण्यातले दहा सेकंद आपले नाहीत असं समजलेलं बरं.

आर ८०० चा पल्ला ३० मीटर आणि लेझर हिरवा. हिरव्या लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटरच्या आसपास, आणि उजेडात आपला डोळा सगळ्यात संवेदनशील असतो तो ५५५ च्या जवळ. तेवढ्याच ताकदीचा लाल ठिपका त्यामुळे कितीतरी फिका दिसतो. शिवाय लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या काही पुरुषांना गडद पार्श्वभूमीवरचा लाल ठिपका जवळजवळ दिसतच नाही. प्रेझेंटेशनचा लेझर क्लास २ चा, म्हणजे एक मिलीवॉटच्या आतला असावा. ‘खूप लांब जातो’ म्हणून रस्त्यावर विकले जाणारे बिननावाचे हिरवे लेझर यासाठी घेऊ नका. त्यावरच्या चिठ्ठीचा आणि आतल्या ताकदीचा संबंध असेलच असं नाही, आणि काहींमधून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही गळतात.

लेझर कुठलाही असो, धरायची रीत एकच. हात एक अंश हलला तर १० मीटरवरच्या पडद्यावर ठिपका सुमारे १७ सेंटीमीटर सरकतो. तुमच्या हाताचा कंप तुम्हाला जाणवतही नाही, पण शेवटच्या रांगेला काजवा नाचताना दिसतो. कोपर बरगडीला टेकवा, दुसऱ्या हाताने मनगट धरा, दाखवायच्या आकड्याभोवती एकदा गोल फिरवा आणि बटण सोडा. वाक्यभर ठिपका चालू ठेवून स्लाइडवरचा शब्दन् शब्द त्याने गिरवत जाणं, हा तर आपल्याकडचा फारच जुना रोग.

आता स्पॉटलाइट. दिसायला सुंदर, हातात धरायला त्याहून सुंदर. यूएसबी-सीवर चार्ज होतो, मिनिटभराच्या चार्जवर तीन तास चालतो, पल्ला ३० मीटर. आणि त्यात लेझर नाहीच. वरचं बटण दाबून धरलं की पडद्याचा बाकी भाग काळवंडतो आणि तुम्ही दाखवाल तेवढं वर्तुळ उजळतं, किंवा तेवढाच भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो. हे सगळं क्लिकर करत नाही, लॅपटॉपवर टाकलेलं लॉजिटेकचं सॉफ्टवेअर करतं. वेळेची थरथरही त्यातूनच लावायची. परक्या यंत्रावर सॉफ्टवेअर नाही, म्हणजे एवढे पैसे मोजून हातात उरतं काय? पुढे, मागे, आणि वरचं बटण दाबून हलवलं की माउसचा बाण. घरी ‘वा!’ म्हणायला लावणारी एकही गोष्ट पोडियमपर्यंत येत नाही.

तरीही स्पॉटलाइट उगाच निघालेला नाही. मोठ्या परिषदांमध्ये आता कापडी पडद्याच्या जागी एलईडी वॉल येतेय, आणि लेझर तिथे मरतो. पांढरा पडदा लेझरचा उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून ठिपका दिसतो. एलईडी वॉलचा पृष्ठभाग काळा, तो उजेड गिळतो, आणि वॉल स्वतःच इतकी झगझगीत की उरलासुरला ठिपकाही हरवतो. पडदे दोन असतील, एक डावीकडे एक उजवीकडे, तर तुमचा ठिपका एकावरच. अर्धं सभागृह ‘कुठे, कुठे?’ करतं. ऑनलाइन बघणाऱ्यांना आणि रेकॉर्डिंगमध्ये तर तो दिसतच नाही, कारण तिथे चित्र थेट लॅपटॉपमधून जातं. या तिन्ही ठिकाणी स्क्रीनवरच उमटणारी खूण हवी. तासाभराचं बीजभाषण असेल किंवा कार्यशाळा घ्यायची असेल आणि आयोजकांनी स्वतःचा लॅपटॉप लावू दिला, तर स्पॉटलाइटसारखं दुसरं काही नाही.

लॅपटॉप परकाच असेल तर फुकटातला मार्ग आहे. पॉवरपॉइंट शो चालू असताना ‘कंट्रोल’ आणि ‘एल’ एकत्र दाबा, माउसच्या बाणाचा लाल ठिपका होतो. पोडियमवरच्या माउसने तो फिरवा. स्पॉटलाइट बरोबर असेल आणि पोडियमच्या स्क्रीनवर पडद्याचीच हुबेहूब प्रत दिसत असेल, तर त्याच्या वरच्या बटणानेही हाच ठिपका फिरतो. याहून पक्का उपाय म्हणजे खूण स्लाइडमध्येच घालून आणणं : ज्या आकड्याकडे बोट दाखवायचंय त्याभोवती लाल वर्तुळ काढायचं आणि ते क्लिकवर उमटेल असं ॲनिमेशन द्यायचं. एका आलेखावर अशा दोन, फार तर तीन खुणा पुरतात.

पण प्रत्येक खूण म्हणजे एक क्लिक, हे विसरू नका. बारा स्लाइड्सना चाळीस क्लिक झाले असतील तर तो आकडा माहीत हवा, आणि कुठल्या स्लाइडवर किती, हेही. प्रश्नोत्तरात कुणी ‘तो मघाचा आलेख परत दाखवा’ म्हणालं, की ‘मागे’ दाबत जाणारा वक्ता एकेक वर्तुळ पुसत, एकेक ओळ मिटवत उलटा चालत जातो. तसं करायचं नाही. स्लाइडचा क्रमांक टाइप करून ‘एंटर’ दाबला की पॉवरपॉइंट थेट तिथे उडी मारतं. म्हणून प्रत्येक स्लाइडवर क्रमांक छापून ठेवा आणि कीबोर्ड हाताशी नसेल तर ऑपरेटरला नुसतं ‘चौदा’ सांगा.

व्हिडिओचंही असंच. घालताना ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये ‘स्टार्ट’समोर ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ राहिलं असेल, तर माउसने त्या चौकटीवरच टिचकी मारावी लागते. क्लिकर दाबला की व्हिडिओ न दाखवता पुढची स्लाइड येते. ‘इन क्लिक सिक्वेन्स’ करा, मग क्लिकरच्या क्लिकवर तो सुरू होतो.

आता सगळ्यात नेहमीचा प्रसंग : दाबलं, पण स्लाइड हलली नाही. इथे माणूस घाबरून तीनदा दाबतो. यंत्र मोठ्या फोटोवर किंवा व्हिडिओवर अडकलेलं असतं, सुटल्यावर तीनही क्लिक एकदम पचवतं, आणि दोन स्लाइड्स पळून जातात. एकदा दाबा, मनात ‘एक, दोन’ म्हणा, समोरच्या छोट्या मॉनिटरकडे बघा (मागच्या पडद्याकडे नाही, मान वळली की आवाज माइकपासून जातो), मग एकदाच परत. तरीही नाही? मग दोष बहुतेक क्लिकरचा नसतो. क्लिकर कीबोर्ड आहे, आणि कीबोर्डची कळ त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिला मिळते. अँटिव्हायरसचा किंवा अपडेटचा चौकोन कोपऱ्यात उगवला की तुमचे क्लिक त्याला जातात. स्लाइडवर माउसची एक टिचकी किंवा ‘ऑल्ट’ आणि ‘टॅब’, काम झालं. माउसच्या टिचकीने स्लाइड एक घर पुढे सरकू शकते, तेवढं धरून चाला. सेलकडे वळायचं ते यानंतर.

प्रिव्ह्यू रूममध्ये गेल्यावर दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, सभागृहात लॅपटॉप पोडियमवर आहे की मागे कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटरच्या टेबलावर? मागे असेल तर तुमच्या क्लिकरचा प्रश्नच मिटला. २५-३० मीटरवर माणसांच्या डोक्यांवरून तो पोहोचेल याची खात्री नाही, आणि चांगल्या एव्ही (आवाज आणि पडदा सांभाळणाऱ्या) टीमकडे त्यासाठी स्वतःची यंत्रणा असते. डीसॅनची परफेक्टक्यू ही त्यातली नावाजलेली : वक्त्याने दाबलं की ऑपरेटरसमोर दिवा लागतो आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही लॅपटॉपवर स्लाइड एकदम सरकते. तिथे ते देतील तोच क्लिकर घ्यावा. दुसरी, बाहेरचा रिसिव्हर यंत्राला लावू देतात का? बँका, सरकारी संस्था किंवा मोठ्या कंपन्यांच्या सभागृहात बऱ्याचदा देत नाहीत, आणि तो आडमुठेपणा नाही. २०१६ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं होतं की आर ४०० च्या रेडिओ-जोडणीतून बाहेरच्या माणसाला त्या कॉम्प्युटरवर कळा टाइप करता येतात. आयटीवाल्याने नकार दिला तर वाद घालू नका.

तिथेच फाइल एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लिकरनेच चालवून बघा, माउसने नाही. मराठी स्लाइड्स असतील तर हे दुप्पट गरजेचं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करा.

सेल अल्कलाइन घ्या आणि परिषदेच्या सकाळी नवे घाला, निघालेले टीव्हीच्या रिमोटला चालतात. घरी परतल्यावर काढून ठेवा. दोन परिषदांमध्ये सहा महिने जातात, तेवढ्यात सेल गळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि मग लोक म्हणतात क्लिकर टिकला नाही. आर ४०० चा रिसिव्हर लॉजिटेकच्या युनिफाइंग जातीचा, म्हणजे दुसरा आणून जोडता येईल असा नाही, तो हरवला की क्लिकर गेल्यातच जमा. आणि तो हरवतो एकाच जागी. प्रश्नोत्तरं संपतात, अध्यक्ष स्मृतिचिन्ह देतात, फोटो होतो, आपण क्लिकर खिशात टाकून खाली उतरतो, आणि रिसिव्हर पोडियमवर पुढच्या वक्त्याच्या लॅपटॉपला लागलेला राहतो. क्लिकरला मग खिशातल्या चाव्यांचा धक्का लागत असतो, आणि त्या बिचाऱ्याच्या स्लाइड्स आपोआप पुढे सरकत असतात. स्मृतिचिन्ह डाव्या हातात, रिसिव्हर उजव्या.